2031 चा नंबर नऊ आज कुठे खेळतोय?

ढाक्यात 18 नोव्हेंबर 2025 ला बांगलादेशने आपल्या भारताच्या फुटबॉल संघाला 1-0 ने हरवलं. शेख मोर्सालिनने 11 व्या मिनिटाला गोल मारला आणि पुढची सगळी ऐंशी मिनिटं आपल्याला तो फेडता आला नाही. बांगलादेशकडून आपण 22 वर्षांनी हरलो. तशी त्या सामन्यावर कसली मदार उरली नव्हती. 2027 च्या आशियाई चषकाचं दार 14 ऑक्टोबरलाच बंद झालं होतं, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर, घरच्या प्रेक्षकांसमोर, सिंगापूरविरुद्ध. आपला विंगर छांगटेने 14 व्या मिनिटाला लांबून सुरेख गोल केला होता, तरी 1-2 हरलो.

मी मूळचा कोल्हापूरचा. पोटापाण्यासाठी दोह्यात आहे, एका मोठ्या इमारतीच्या एसी प्लांटची देखभाल बघतो. गावाकडचे मित्र विचारतात, आता पुढं काय? प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो, आणि ते नंबर नऊबद्दल आहे, म्हणजे गोल मारायला सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या खेळाडूबद्दल. सुरुवात जानेवारी 2024 पासून करायला हवी, कारण आजचं सगळं तेव्हा डोळ्यांसमोर दिसत होतं.

तेव्हा आशियाई चषक इथेच कतारमध्ये होता. भारताचे तिन्ही सामने मी मैदानात बसून पाहिले. पहिले दोन अहमद बिन अली स्टेडियमवर. मेट्रोच्या ग्रीन लाइनने अल रिफ्फा स्टेशनला उतरलं की समोर मॉल आणि त्याच्या बाजूला स्टेडियम. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना शनिवारी दुपारी होता. ड्यूटी बदलून घेऊन गेलो, तर अख्खी मेट्रो निळी. बहुतेक मल्याळी पोरं, सोबत ढोल, बायका-मुलं. पस्तीसेक हजार लोकांत आपलेच जास्त. मध्यंतरापर्यंत 0-0 होतं. पहिल्या वीस मिनिटांत उजवीकडून आलेल्या क्रॉसवर आपला कप्तान छेत्रीने हेडर मारला, तो बाहेर गेला. तो आत गेला असता तर, हे मी अजून स्वतःशी बोलतो. उत्तरार्धात आपला गोलकीपर गुरप्रीतने पंच केलेला चेंडू नेमका जॅक्सन अर्विनच्या पायाशी पडला, मग जॉर्डन बॉसने दुसरा मारला. 0-2. तरी लोक उठून टाळ्या वाजवत होते आणि मीही वाजवल्या. बचाव खरोखर चांगला झाला होता.

उझबेकिस्तानने मात्र चौथ्याच मिनिटाला गोल मारला. अब्बोसबेक फयझुल्लाएव, वय वर्षं 20. मध्यंतरालाच 0-3, आणि तोच शेवटचा स्कोअर.

तिसरा सामना सीरियाशी, अल खोरच्या अल बैत स्टेडियमवर. जिंकलो असतो तर बाद फेरीची थोडी आशा होती. तिथे मी गोलपोस्टच्या मागच्या बाजूला वर बसलो होतो. त्या जागेवरून सामना नकाशासारखा दिसतो. आपल्या विंगवरून चेंडू आत यायचा आणि डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, सीरियाचे चार जण, आपला एक. तो एक म्हणजे 39 वर्षांचा सुनील छेत्री. तो एका बचावपटूला ओढून बाजूला न्यायचा, जागा तयार करायचा, आणि त्या जागेत धावत येणारं कुणी नसायचं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. 76 व्या मिनिटाला ओमर ख्रिबिनने गोल केला आणि सीरिया पहिल्यांदाच बाद फेरीत गेली. आपण तीन सामने, शून्य गुण, शून्य गोल घेऊन घरी. आशियाई चषकात एकही गोल न करता परतण्याची वेळ 1984 नंतर पहिल्यांदाच आली. याच दोह्यात 2011 मध्येही आपण तिन्ही सामने हरलो होतो, पण तेव्हा तीन गोल तरी मारले होते. त्यातले दोन छेत्रीचे.

त्या वेळी बोलणं झालं ते सगळं तयारीवर. शिबिराला दोन आठवडेसुद्धा मिळाले नाहीत, अन्वर अली, जीक्सन, आशिक जायबंदी, प्रशिक्षक स्टिमॅच हट्टी. हे सगळं खरं होतं. पण मी वरून जे पाहिलं त्याला शिबिराचे जास्तीचे दोन आठवडे पुरले नसते. आपल्याकडे गोल मारणारा माणूस नव्हता आणि छेत्रीच्या मागे रांगेत कुणी उभं नव्हतं.

गोलांचा हिशोब मांडतो, म्हणजे मी उगाच बोलत नाही हे कळेल. 2024 मध्ये भारताने 11 सामने खेळले, जिंकला एकही नाही, गोल फक्त चार. गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध छेत्रीची पेनल्टी, कतारविरुद्ध छांगटे, व्हिएतनामविरुद्ध फारुख चौधरी आणि मलेशियाविरुद्ध राहुल भेके. आपला मुंबईचा भेके सेंटर बॅक आहे. ब्रँडनच्या कॉर्नरवर त्याने डोकं लावलं. 2025 मध्ये पुन्हा 11 सामने, गोल आठ. मालदीवविरुद्ध भेके, लिस्टन कुलासो, छेत्री. ताजिकिस्तानविरुद्ध अन्वर अली आणि संदेश झिंगन, दोघेही बचावपटू. ओमानविरुद्ध उदांता. सिंगापूरविरुद्ध रहीम अली आणि छांगटे. दोन वर्षं, 22 सामने, 12 गोल. त्यातले चार बचावपटूंचे, दोन छेत्रीचे. बाकीचे बहुतेक विंगवरच्या पोरांचे. छेत्री सोडून ज्यांना पुढचा खेळाडू म्हणता येईल अशा फारुख आणि रहीमच्या नावावर एकेक. नव्वद मिनिटांत जिंकलेले सामने दोन. फिफा क्रमवारीत आपण कतारला जाण्याआधी 102 वर होतो, स्पर्धा संपल्यावर 117 आणि नोव्हेंबर 2025 मध्ये 142.

मधल्या काळात प्रशिक्षक तीन झाले. जून 2024 मध्ये स्टिमॅच गेले. त्याआधी कतारविरुद्ध चेंडू सरळ सरळ रेषेबाहेर गेलेला असताना रेफ्रीने गोल दिला होता, तो अन्याय मी विसरणार नाही. पण त्याच्या चार-पाच दिवस आधी कोलकात्यात छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात कुवेतला एक गोल मारता आला असता तर ती वेळच आली नसती. मग मानोलो मार्केझ आले. मार्च 2025 मध्ये त्यांनी निवृत्त छेत्रीला परत बोलावलं. वय 40. लोकांनी त्यांना नावं ठेवली, मी ठेवणार नाही. त्या हंगामात आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, भारतीयांत सगळ्यात जास्त गोल, चौदा, त्याच माणसाने मारले होते. दुसऱ्या कुणाला बोलवायचं होतं? जूनमध्ये हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेत पेनल्टीवर गोल खाऊन हरलो, मार्केझ गेले आणि ऑगस्टमध्ये खालिद जमील आले.

खालिद जमीलवर माझा विश्वास आहे. मुंबईच्या मैदानांवर, महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसीत घडलेला माणूस. आयझॉलसारख्या छोट्या क्लबला त्याने 2017 मध्ये आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती. आल्या आल्या ताजिकिस्तानला त्यांच्या घरात हरवलं आणि काफा नेशन्स कप या मध्य आशियाई स्पर्धेत ओमानला शूटआऊटमध्ये हरवून तिसरा नंबर मिळवला. बचाव बांधायचा, कॉर्नर-फ्री किकसारख्या सेट-पीसवर गोल काढायचा, हाताशी आहे त्यात भागवायचं, हे त्याला फार चांगलं जमतं. पण राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक माणूस निवडतो, घडवत नाही. दहा दिवसांच्या शिबिरात सेंटर फॉरवर्ड तयार होत नाही. म्हणून प्रत्येक पराभवानंतर ‘प्रशिक्षक बदला’ अशी ओरड सुरू झाली की माझं डोकं फिरतं.

माझा भाचा पेठेतल्या एका तालमीच्या संघातून पुढे गेला. शाळेपासून सेंटर फॉरवर्ड. डावा पाय असा की गोलकीपरला कळायच्या आत चेंडू जाळीत. एका मोठ्या क्लबच्या युवा संघात निवड झाली तेव्हा घरी पेढे वाटले. वर्षभरात त्याला राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू केलं. फोनवर मला म्हणाला, “मामा, फुडं भायेरचाच खेळतोय. मी मागं गेलो तर निदान खेळाय तरी मिळंल.” मी काय बोलणार? त्याचा हिशोब बरोबर होता. प्रशिक्षकाचाही चुकीचा म्हणता येत नाही, कारण सामना हरला की त्याची नोकरी जाते, आणि गोल मारायला अनुभवी परदेशी माणूस विकत मिळतो.

आयएसएलमध्ये एका वेळी चार परदेशी मैदानात उतरू शकतात. क्लब ते चार कुठे लावतात ते बघा. एक बचावाच्या मध्यात, एखाद-दुसरा मधल्या फळीत आणि एक हमखास पुढे. 2014 ते 2025 या काळात आयएसएलचा गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा मान, एकदाही भारतीयाला मिळाला नाही. 2024-25 च्या हंगामात नॉर्थईस्ट युनायटेडच्या अलाएद्दीन अजारेने 23 गोल मारले. मोठा खेळाडू, त्याचा खेळ बघायला मला आवडतो. पण त्या 23 गोलांच्या प्रत्येक संधीला जी धाव, जो वेळ साधावा लागतो, ते शिकायची जागा एका भारतीय पोराची होती. 1996-97 च्या पहिल्या राष्ट्रीय लीगमध्ये सर्वाधिक गोल जेसीटी क्लबच्या बायचुंग भुतियाचे होते. आय. एम. विजयन, मग भुतिया, मग छेत्री, अशी गोल मारणाऱ्यांची ती साखळी चालत आली. छेत्रीच्या पुढची कडी जोडायची राहून गेली.

आमच्या अनिकेत जाधवचंच बघा. कोल्हापूरचा पोरगा, 2017 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून आघाडीला खेळला. आख्ख्या कोल्हापूरने चौकाचौकांत पडदे लावले होते. पुढे आयएसएलमध्ये तो विंगवर आणि मिळेल त्या जागेवर खेळला, राष्ट्रीय संघापर्यंतही गेला. पण ज्या जागेसाठी त्याचं नाव झालं होतं ती जागा त्याला सलग मिळाली नाही. मला त्याचं फार वाटतं.

त्या 17 वर्षांखालच्या पोरांना सामने मिळावेत म्हणून फेडरेशनने 2017 मध्ये इंडियन अ‍ॅरोज हा संघ पुन्हा उभा केला होता. सगळी तरुण भारतीय पोरं, परदेशी एकही नाही, आणि थेट आय-लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध खेळायचं. पहिल्यांदा 2010 मध्ये हा संघ निघाला तेव्हा त्यात पुढे खेळणारा जेजे होता. 2019 च्या आशियाई चषकात थायलंडला 4-1 हरवलं, त्यातला एक गोल जेजेचा. दुसऱ्या खेपेला अनिकेत होता, रहीम अली होता. संघ बहुतेक वेळा गुणतक्त्यात तळाजवळ असायचा. असू दे. अठरा वर्षांच्या पोराला नंबर नऊची जागा मिळायची आणि शनिवारी चुकला तरी पुढच्या शनिवारी पुन्हा तोच खेळायचा. पहिल्यांदा 2013 मध्ये हा संघ मोडला, दुसऱ्यांदा 2022 मध्ये.

उझबेकिस्तानने नेमकं याच्या उलट केलं. ताश्कंदचा ऑलिम्पिक नावाचा संघ 2021 मध्ये उभा केला, तरुण राष्ट्रीय संघातली पोरं त्यात घातली आणि त्यांना देशाच्या मोठ्या लीगमध्ये खेळवलं. 2023 मध्ये ते 20 वर्षांखालचे आशियाई विजेते झाले, 2024 मध्ये पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेले, 2025 मध्ये 17 वर्षांखालचे विजेते झाले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मोठ्या संघाने 2026 च्या विश्वचषकाचं तिकीट काढलं. लोकसंख्या पावणेचार कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशसुद्धा नाही. अहमद बिन अलीवर आपल्याला चौथ्या मिनिटाला गोल मारणारा फयझुल्लाएव अचानक उगवला नव्हता. त्याला तोवर मोठ्या माणसांविरुद्ध भरपूर सामने खेळून झाले होते.

आणि आपल्याकडे सामन्यांचीच बोंब. आयएसएलच्या संघाला 2024-25 च्या हंगामात साखळीत 24 सामने होते. युवा संघांची स्पर्धा त्याहून आखूड, काही आठवड्यांत संपणारी. पुढच्या हंगामात तर तेही वेळेवर नाही. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार 8 डिसेंबर 2025 ला संपला, नव्या निविदेला एकही बोली आली नाही, आणि सप्टेंबरमध्ये सुरू व्हायची लीग डिसेंबर निम्मा उलटला तरी सुरू झाली नव्हती. खेळाडूंनी एकत्र येऊन ‘आम्हाला खेळू द्या’ असं जाहीर आवाहन केलं. त्या निवेदनाखाली राष्ट्रीय संघातल्या पोरांची नावं वाचताना मला भरून आलं. ही माणसं पगारवाढ मागत नव्हती, सामना मागत होती.

14 डिसेंबर 2025 ला मेस्सी वानखेडेवर आला. पोरांनी त्याला डोळे भरून पाहिलं, छेत्रीला त्याने जर्सी दिली, मलाही व्हिडिओ बघून आनंद झाला. त्याच कार्यक्रमात महाराष्ट्र सरकारच्या महादेवा प्रकल्पातली 13 वर्षांखालची मुलं-मुली होती. ही योजना चांगली आहे. माझं एवढंच म्हणणं आहे की तेरा वर्षांच्या पोराला शिष्यवृत्ती देताना तो सोळाव्या, अठराव्या, विसाव्या वर्षी कुठे खेळणार, हे आजच कागदावर असलं पाहिजे. माझ्या भाच्याचंही तेराव्या वर्षी सगळं चांगलंच चाललं होतं.

परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंबद्दल मित्र विचारतात. रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. त्याच्या आईचं घर मुंबईचं. एवढा मोठा निर्णय घेऊन कुणी आपला शर्ट मागत असेल तर त्याला मानाने द्यावा, असं माझं मत आहे. कागदपत्रांमुळे ढाक्यात त्याला उतरता आलं नाही. पण तो तिशी ओलांडलेला आहे. त्याच्यामुळे दोन-तीन वर्षांची सोय होईल, आणि तेवढ्याने 2031 चं काही सुटत नाही.

2031 म्हणतो, कारण आपला पुढचा आशियाई चषक आता लवकरात लवकर तोच. 2027 गेला. छेत्री, झिंगन, गुरप्रीत, भेके यांच्यापैकी कुणी तिथे असणार नाही. छांगटे तेव्हा तेहतिशीत असेल. त्या संघाचा नंबर नऊ आज पंधरा-सोळा-सतरा वर्षांचा आहे. तो आज या देशात कुठेतरी आहेच, हे मला ठामपणे माहीत आहे, कारण त्या वयाची पोरं मी पाहिली आहेत.

सप्टेंबर 2025 मध्ये 23 वर्षांखालचा भारतीय संघ इथे दोह्यात पात्रता फेरी खेळायला आला होता, मुंबईच्या नौशाद मूसा यांच्या हाताखाली. बहरीनला 2-0 हरवलं, कतारकडून 1-2 असे थोडक्यात हरलो, ब्रुनेईला सहा मारले. पुढे जाता आलं नाही, पण त्या पोरांच्या खेळात भीती नव्हती. बहरीनविरुद्ध पहिला गोल सुहैलने मारला तेव्हा मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. आणि 30 नोव्हेंबरला अहमदाबादमध्ये गोव्याच्या बिबियानो फर्नांडिस यांच्या 17 वर्षांखालच्या संघाने इराणला 2-1 हरवून 2026 च्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. पिछाडीवरून, इराणला! मोठ्या संघाला हेच इराण ऑगस्ट-सप्टेंबरच्या काफा कपमध्ये 0-3 ला भारी पडलं होतं.

आता ही पोरं दोन-तीन वर्षांनी कुठे असतील? आहे त्याच वाटेने गेली तर निम्मी क्लबांच्या बाकावर आणि उरलेली राइट बॅकला. म्हणून आता तीन गोष्टी व्हाव्यात, असं मला मनापासून वाटतं. पहिलं, लीगमध्ये मैदानातले परदेशी चारावरून दोनावर आणावेत. क्लब ओरडतील, खेळाचा दर्जा पहिली दोन वर्षं खाली येईल, तिकिटं कमी खपतील, आणि ते आपण सोसावं. दुसरं, अ‍ॅरोज पुन्हा उभा करावा आणि आता निदान सहा वर्षं त्याला हात लावू नये. तो तळाला राहिला तरी खाली ढकलायचा नाही अशी अट घालूनच. तिसरी गोष्ट गावागावांतल्या लीगची, आणि इथे कोल्हापूरला बोलायचा हक्क आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की आजही बसायला जागा मिळत नाही, आणि त्या गर्दीसमोर डीमध्ये उभं राहून गोल मारणं ही अठरा वर्षांच्या पोराची खरी शाळा आहे. पण आमच्या तालीम संघांनीही पुढच्या फळीला बाहेरून खेळाडू आणायची सवय लावून घेतली आहे. हंगामातल्या निदान साखळी सामन्यांपुरता तरी पुढचा खेळाडू 21 वर्षांखालचा आणि कोल्हापूर जिल्ह्यातलाच असावा, एवढं तालमींनी आपापसात ठरवलं तर त्यासाठी दिल्लीतल्या फेडरेशनची वाट बघावी लागत नाही. पेठेतल्या जुन्या मंडळींशी मी यावर फोनवर बोलतोय. दोघं-तिघं तयार आहेत. बाकीच्यांसाठी एप्रिलच्या सुट्टीत गावी आलो की तालमीत येऊन बसतो.